ओपन गेम लायसन्स

ओपन गेम लायसन्स (संक्षेप: ओजीएल, शब्दशः 'मुक्त खेळ परवाना') हा भूमिकाखेळांच्या नियमावलीचा विनामूल्य वापर इतर प्रकाशकांना करू देणारा प्रताधिकार परवाना आहे. अमेरिकेतील विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो इ.स. २००० मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत जारी केला. मूळ कंपनीखेरीज इतरांनी त्याच खेळासाठी साहसकथा व पूरक नियम छापणे, यास त्रयस्थ प्रकाशन म्हणतात.

पार्श्वभूमी

भूमिकाखेळात खेळाडू टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेतात, सूत्रधार प्रसंग रचतो आणि कृतीचे यशापयश फासे टाकून ठरते. हा खेळ सोंगट्या व पटापेक्षा पुस्तकांवर अधिक चालतो. त्यामुळे पुस्तक कोणी छापावे, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ टीएसआर कंपनीने १९७४ मध्ये प्रकाशित केला. आरंभी जजेस गिल्डसारख्या संस्थांना परवानगी मिळाली, परंतु पुढे टीएसआरचे धोरण कडक झाले आणि मेफेअर गेम्ससारख्या प्रकाशकांशी न्यायालयीन वाद झाले. १९९७ मध्ये विझर्ड्सने टीएसआर विकत घेतली. तेथील अधिकारी रायन डॅन्सी यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरून ओजीएलची कल्पना घेतली. इतरांनी पूरक पुस्तके काढली तर मूळ नियमपुस्तकांचाच खप वाढेल, असा त्यांचा हिशेब होता.

स्वरूप

परवान्याने मजकुराचे दोन भाग पाडले. 'मुक्त खेळ आशय' कोणीही वापरावा, बदलावा, विकावा. 'उत्पादनाची ओळख' मात्र राखीव. बिहोल्डर व माइंड फ्लेयर हे प्रसिद्ध राक्षस या दुसऱ्या भागात मोडतात. परवान्याचा पूर्ण मजकूर व आधीच्या सर्व प्रताधिकार-सूचना पुस्तकात छापणे बंधनकारक असल्याने काही पुस्तकांच्या अखेरीस नावांची लांबलचक वंशावळच आढळते. 'डी-२०' हे बोधचिन्ह वापरण्याचा परवाना वेगळा होता व तो कंपनीला रद्द करता येत असे.

२००८ मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी कंपनीने अधिक जाचक परवाना आणला. तेव्हा पायझो या प्रकाशनसंस्थेने जुन्या नियमांवर आधारलेला 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ मध्ये ओजीएलखालीच प्रसिद्ध केला. मूळ कंपनीने सोडून दिलेली नियमपद्धती अशा प्रकारे प्रतिस्पर्ध्याच्या हाती जिवंत राहिली.

२०२३ चा वाद

जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. वार्षिक साडेसात लाख डॉलरांपुढील उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वशुल्क आणि जुना परवाना रद्दबातल ठरवणे, अशी कलमे त्यात होती. वादाचे मूळ शब्दांत होते: जुन्या परवान्यात 'चिरस्थायी' हा शब्द होता, 'अपरिवर्तनीय' नव्हता. तीव्र विरोधानंतर २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना तसाच ठेवून पाचव्या आवृत्तीचा आधारभूत नियमसंग्रह 'क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देशन ४.०' खाली खुला करण्यात आला. क्रिएटिव्ह कॉमन्सचा हा परवाना अपरिवर्तनीय आहे; शिवाय तो कंपनीच्या मालकीचा नसल्याने त्यात तिला एकतर्फी फेरफार करता येत नाही. पायझोच्या पुढाकाराने 'ऑर्क' हा स्वतंत्र परवानाही त्याच वर्षी तयार झाला.

भारतीय कायद्याच्या संदर्भात

खेळाच्या कल्पनेवर प्रताधिकार नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंच्या 'स्क्रॅब्युलस' प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ च्या अंतरिम आदेशात स्क्रॅबलच्या पटावरील प्रताधिकाराचा दावा मान्य केला नाही. नावाच्या वापरास मात्र व्यापारचिन्हाच्या आधारे मनाई केली. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. त्यावर मालकाची सही असण्याची अट २०१२ च्या दुरुस्तीने काढली गेली. सर्वांना उद्देशून दिलेल्या मुक्त परवान्यांना ही सुधारणा विशेष उपयोगी आहे. कालावधी लिहिलेला नसल्यास परवाना पाच वर्षांचा मानला जातो, म्हणून मुदतीचा स्पष्ट उल्लेख भारतात निर्णायक ठरतो. भाषांतराचा हक्कही मूळ मालकाकडेच असतो. वरील क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात तो आधीच दिलेला असल्याने या नियमसंग्रहाचे मराठी भाषांतर करून विकण्यास वेगळी परवानगी लागत नाही. मूळ श्रेय नोंदवणे व केलेले बदल सांगणे मात्र आवश्यक असते.