वाळवंटाचा किनारा आणि घानाची राजसत्ता

अरबी भाषेत ‘साहिल’ म्हणजे किनारा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील गवताळ पट्ट्यास हेच नाव मिळाले असून ते अन्वर्थक आहे. गलबत बंदरास लागावे तसा उत्तरेकडून निघालेला उंटांचा तांडा येथे येऊन थांबे. अधिक दक्षिणेस दमट हवेत व त्सेत्से माशीच्या प्रदेशात उंट टिकत नसे. माल गाढवांवर किंवा माणसांच्या डोक्यावर चढवावा लागे. प्राचीन घानाच्या उत्कर्षाचे कारण शोधताना सोन्याच्या खाणींपेक्षा या थांब्याकडेच अधिक लक्ष द्यावयास हवे.

घानाच्या भरभराटीचे सोने मुख्यतः बांबुकसारख्या दक्षिणेकडील प्रदेशांतून येई, आणि मीठ वाळवंटातून. राजसत्ता या दोहोंच्या मध्ये उभी होती. कोर्दोबा येथे १०६८ साली ग्रंथरचना करणाऱ्या अल्-बक्रीने तेथील जकातीचा दर नोंदविला आहे : मिठाचे एक गाढवओझे राज्यात येताना एक दिनार, बाहेर जाताना दोन दिनार. सोन्याचे गोळे राजाचे, भुकटी तेवढी प्रजेची. एरवी सोन्याचा भाव उतरला असता, असेही तो सांगतो. अल्-बक्री स्वतः तेथे कधीच गेला नव्हता. परंतु जकातीचा दर ही काही व्यापाऱ्याने विसरावी अशी गोष्ट नव्हे.

बाहेर जाणाऱ्या मिठावर दुप्पट कर का, याचा उलगडा पुढे माली साम्राज्याच्या काळात इब्न बतूताच्या वृत्तान्तावरून होतो. १३५२ साली सिजिलमासाहून पंचवीस दिवसांनी तो तघाझास पोहोचला. तेथील घरांच्या भिंती मिठाच्या लाद्यांच्या आणि छपरे उंटांच्या कातड्यांची होती. तघाझाच्या मिठाचे एक ओझे वलाता येथे आठ ते दहा मिस्कालांना विकले जाई, तर मालीच्या राजधानीत त्यास वीस ते तीस, क्वचित चाळीस मिस्काल पडत. दक्षिणेकडे सरकणाऱ्या प्रत्येक मजलीबरोबर मिठाचे मोल वाढे. त्या वाढत्या मोलाचा वाटा घानाचा राजा आधीच काढून घेत होता. याच वाटांनी गुलामही उत्तरेस नेले जात, हे मात्र सोन्याच्या कथांत बहुधा झाकून जाते.

वाटेवर उभी असलेली सत्ता वाटेबरोबरच ढळली. औदागुस्त हे व्यापारी नगर १०५४–५५ मध्ये अल्मोराविदांनी घेतले. १०७६ साली त्यांनी घानाही जिंकला, ही जुनी समजूत आता संशोधकांना निःशंकपणे मान्य नाही. तेराव्या शतकात मात्र मालीचे वर्चस्व निर्विवाद झाले.

‘घाना’ हे मुळात देशाचे नाव नव्हेच. ती राजाची पदवी होती. सोनिंके लोकांच्या मौखिक परंपरेत या राज्याचे नाव ‘वागादू’ असे आहे. १९५७ साली स्वतंत्र झालेल्या गोल्ड कोस्टने तीच पदवी देशनाम म्हणून स्वीकारली. प्राचीन घानाची भूमी मात्र तेथून शेकडो मैल वायव्येस, आजच्या मॉरिटेनिया व माली या देशांत येते.