देवी गेली, गोवर अजून आहे

गेल्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास शेजारच्या गल्लीतल्या एका वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पोराच्या अंगावर आलंय. सासूबाई म्हणत्यात देवाचं हाय. जरा येऊन बघता का?" मी पत्रकार, डॉक्टर नव्हे. पण आपल्या मंगळवेढ्यात रस्त्यातल्या खड्ड्यापासून पोराच्या तापापर्यंत पहिला फोन पत्रकारालाच येतो.

गेलो तर दाराला कडुनिंबाचा डहाळा. चार वर्षांचं पोर अंथरुणावर लोळत होतं आणि अंग खाजवत होतं. तीन दिवस घरात फोडणी नव्हती, आंघोळ नव्हती, बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नव्हता. आणि दवाखानाही नव्हता, कारण औषध दिलं की देवी कोपते. कसंबसं समजावून पोराला डॉक्टरांकडे नेलं. कांजिण्या निघाल्या. पोर आता बरं आहे. पण डॉक्टरांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं तेव्हा कळलं की गोवर-रुबेलाचा पहिला डोस आहे, दुसऱ्याचा रकाना कोरा. त्या महिन्यांत हे कुटुंब ऊसतोडीला गेलं होतं. परत आल्यावर ते राहूनच गेलं.

त्या कोऱ्या रकान्यामुळं मला माझी आजी आठवली, म्हणून ही पोस्ट.

आजी सांगली संस्थानच्या काळातली. तेव्हा मंगळवेढा तालुका संस्थानात होता. तिला सहा लेकरं झाली, चार जगली. ती सांगायची, "एक देवीनं नेलं, एक गोवरानं." देवीचं ती नेहमी हात जोडून सांगायची. गोवराचं सांगताना मात्र म्हणायची, "गोवर गेला हुता रं, पण पोर काय सावरलंच नाही." म्हणजे पुरळ उतरलं, ताप गेला आणि दोन महिन्यांनी हगवणीनं मूल गेलं. हे मला खूप उशिरा समजलं, की तेही गोवराचंच काम होतं. गोवर शरीराची रोगांशी लढायची जुनी ओळखच पुसून टाकतो. नंतरचे काही महिने, कधी वर्षं, मूल दुसऱ्या आजारांना सहज बळी पडतं.

आपल्या भाषेत या रोगाचं आणि देवाचं नाव एकच. देवी आली, देवी निघाल्या, आणि गंमत म्हणजे लस टोचून घेण्यालाही आपण 'देवी काढणं'च म्हणत आलो. सीमेपलीकडे कन्नडमध्येही अम्मा आली म्हणतात. जिच्यापुढं माणसाचं काही चालत नव्हतं तिला आई म्हणून गप्प बसवायचं, असाच तो मार्ग होता. त्यात मूर्खपणा नव्हता. हातात दुसरं काहीच नव्हतं.

मग 'लस' आली. हा शब्दही बघा. जखमेतून, फोडातून जे पातळ पाणी पाझरतं त्याला आपण लस म्हणतो. सुरुवातीची लस अक्षरशः तीच होती. इंग्लंडात एडवर्ड जेन्नरनं १७९६ मध्ये गोस्तन देवीचा, म्हणजे गाईच्या सडावर येणाऱ्या फोडांचा, प्रयोग केला. तो माल बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोचला आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. तेव्हा शीतपेटी नव्हती, बर्फ नव्हता. ॲनाच्या दंडावर फोड आला, त्यातली लस काढून आणखी मुलांना टोचली, त्यांच्या दंडावरून पुढच्यांना. अशी पोरांच्या दंडादंडावरून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास करत देशभर गेली.

लोकांनी विरोध केला, यात नवल नाही. परक्या जातीच्या पोराच्या फोडातलं पाणी आपल्या पोराच्या अंगात घालायचं, आणि पुढं आपल्या पोराचा दंडही दुसऱ्यासाठी ओरबाडू द्यायचा! शिवाय देवीचा कोप वेगळाच. सरकारनं १८८० मध्ये लसीकरणाचा कायदा केला, तरी देवीच्या साथी पुढं जवळजवळ शंभर वर्षं येतच राहिल्या.

१९७४ साल तर भयंकर होतं. देशात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण झाले आणि ३१ हजारांच्या आसपास माणसं गेली. सगळ्यात मोठा तडाखा बिहारला होता. त्याच काळात आरोग्य कर्मचारी घरोघर हिंडत होते. त्यांच्या हातात देवी आलेल्या एका मुलाचा फोटो असलेलं कार्ड असायचं. ते दाखवून विचारायचे, असं कुणाला आलंय का? रुग्ण सापडला की त्याला वेगळं ठेवायचं आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचायचं. रोगी कळवणाऱ्याला आधी पन्नास रुपये बक्षीस होतं, ते वाढत हजारावर गेलं. देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा, अशा अर्थाची भिंतीवरची गेरूची अक्षरं माझ्या वडिलांच्या पिढीला अजून आठवतात. १९७५ मध्ये हजार रुपये म्हणजे चेष्टा नव्हती.

मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला देशातला शेवटचा रुग्ण सापडला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचं आंतरराष्ट्रीय समितीनं मान्य केलं. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेनं सगळं जगच देवीमुक्त जाहीर केलं. लसही बंद झाली. घरात आज हे दंडावर वाचता येतं. वडिलांच्या दंडावर देवीचे मोठे गोल व्रण आहेत. माझ्या दंडावर फक्त बीसीजीची छोटी खूण आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. देवी आपण हुडकून संपवली. तसा गोवर का संपत नाही?

कारण देवीचा रोगी मुख्यतः अंगावर दिसायला लागल्यावर रोग पसरवायचा. म्हणजे दाराला कडुनिंब लावून माणसं लांब ठेवली तर त्याचा खरोखर उपयोग व्हायचा. आपल्या आज्या-पणज्यांनी शिवाशिव पाळली, त्यात थोडं तरी शहाणपण होतं. गोवर मात्र पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो. त्या चार दिवसांत पोराला नुसती सर्दी, खोकला, ताप असतो. ते अंगणवाडीत जातं, लग्नाला जातं, एसटीत बसतं. खोलीतून गोवराचं पोर निघून गेलं तरी हवेत दोन तासांपर्यंत विषाणू राहतो. लस न घेतलेल्या लोकांत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. त्यामुळं गोवराच्या बाबतीत कडुनिंबाचा डहाळा चार दिवस उशिरा लागतो. हजार काय, लाख रुपये बक्षीस लावलं तरी तो हुडकून आटोक्यात यायचा नाही. त्याच्या आधी पोचायला लागतं, आणि आधी पोचते ती फक्त लस. शंभरातल्या पंचाण्णव पोरांना दोन्ही डोस असतील तरच साथ थांबते.

आपल्या देशात गोवराची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ च्या सुमारास आली, दुसरा डोस २०१० पासून. २७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी. इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे. एका शाळेत सुई बघून दोन-तीन मुलींना घेरी आली. मी बातमी दिली, 'लसीकरणानंतर विद्यार्थिनींना चक्कर'. डॉक्टरांचं म्हणणं शेवटच्या ओळीत होतं. मथळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, शेवटची ओळ फिरली नाही. दुसऱ्या दिवशी काही पालकांनी पोरं शाळेतच पाठवली नाहीत. खोटं काही लिहिलं नव्हतं, पण चुकीचं नक्की लिहिलं होतं.

पुढं २०२२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत गोवंडीच्या रफीनगरमध्ये काही दिवसांत तीन मुलं गेली. संशय गोवराचा होता. मग भिवंडी, मालेगाव अशी साथ दिसत गेली. करोनाच्या दोन वर्षांत अनेक मुलांचे डोस चुकले होते. साथीच्या भागात सरकारला नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. रफीनगर आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल तर आपल्या तालुक्याच्या दक्षिण भागातली गावं आठवा. पाण्यासाठी इतकी वर्षं भांडणारी ही गावं. दसरा-दिवाळीनंतर तिथली कितीतरी घरं कुलूपबंद होतात, माणसं ऊसतोडीला जातात. बाहेरच्या टोळ्या आपल्याकडं कारखान्यावर येतात. बरोबर पोरं असतात, कार्ड मात्र पेटीत घरी राहतं.

आता जरा कामाचं. पोराच्या अंगावर आलं तर काय बघायचं?

गोवर: आधी तीन-चार दिवस जोरात ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लाल. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके दिसू शकतात. मग कानामागं आणि केसांच्या कडेला लाल पुरळ सुरू होतं, चेहऱ्यावरून खाली उतरत पायापर्यंत जातं. पाण्याचे फोड नसतात. पुरळ दिसल्यापासून चार दिवस पोराला वेगळं ठेवायचं.

कांजिण्या: पाण्यानं भरलेले, खाजणारे फोड, छाती-पाठीवर जास्त. एकाच वेळी नवे ठिपके, पाण्याचे फोड आणि खपल्या असं सगळं दिसतं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत शाळा नाही. गरोदर बाईला लांब ठेवायचं. ही लस सरकारी मोफत कार्यक्रमात नाही, खासगीत मिळते.

रुबेला: हलका ताप, फिकट पुरळ, मानेमागं गाठी. पोराला फारसं काही होत नाही. पण गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय यावर घाव बसतो.

तोंडात फोड आणि तळहात-तळपायावर पुरळ असेल तर तो हात-पाय-तोंडाचा आजार, बहुतेक वेळा आठवड्यात बरा होतो. आणि पावसाळ्यात ताप-पुरळ म्हणजे डेंग्यूही असू शकतो, हे विसरू नका.

यातलं काहीही असो, पाणी, पेज, आईचं दूध बंद करायचं नाही. फोडणी नसली तरी चालेल, उपाशी पोर चालणार नाही. तापाला डॉक्टर वजनानुसार पॅरासिटामॉल सांगतात. ॲस्पिरिन अजिबात नको. गोवर असेल तर दोन दिवस 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देतात, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. तो डॉक्टरच देतील, घरी अंदाजानं नको. श्वास जोरात चालत असेल, पोर काही पीत नसेल, झटका आला, सुस्त पडलं किंवा काचेचा पेला दाबूनही न मावळणारे जांभळे डाग दिसले, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

त्या दिवशी आजीबाईंनी मला विचारलं, "डहाळा काढू का?" म्हटलं, राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. सात दिवस बाहेरचं कुणी आत येणार नाही, ते बरंच. फक्त दवाखाना आणि देवी यांचं भांडण लावू नका. त्या हसल्या. पोर पूर्ण बरं झालं की दुसरा डोस द्यायला बोलावलंय. वहिनींनी तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवलीय.

देशानं गोवर-रुबेला संपवायला २०२६ हे साल ठरवलंय. तुम्हीही आज घरातलं कार्ड काढा. पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. रकाना कोरा असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, आशाताईंना विचारा. आणि तुमच्या ओळखीतलं कुणी यंदा तोडीला निघालं असेल, तर बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भरायच्या आधी एवढंच विचारा, "पोराचं कार्ड बरोबर घेतलं का?"