तुनीत कोण होते? : मौखिक परंपरा आणि उत्खननाचा पुरावा

उत्तर ध्रुवप्रदेशाचे नाव निघाले की मराठी अभ्यासकास लोकमान्य टिळकांचा १९०३ चा ग्रंथ आठवतो. त्यातील सिद्धान्ताची चर्चा येथे करावयाची नाही. त्या प्रदेशात जे लोक प्रत्यक्ष नांदले, त्यांच्या इतिहासातील एका प्रश्नाकडे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कॅनडाच्या उत्तर भागातील इनुइट लोकांत अशी परंपरा आहे की, आपले पूर्वज येण्यापूर्वी 'तुनीत' नावाचे लोक तेथे राहत होते. ते अंगाने बळकट, पण स्वभावाने भिडस्त होते. पुढे ते नाहीसे झाले. ही दंतकथा समजावयाची, की इतिहासाचे साधन?

१९२१ ते १९२४ या काळात क्नुद रासमुस्सेन यांच्या नेतृत्वाखाली पाचवी थूले मोहीम निघाली. तीतील थेर्केल माथियासेन यांनी १९२२ मध्ये नौयान येथे उत्खनन केले. देवमाशांची हाडे वापरून बांधलेली घरे तेथे आढळली. या 'थूले' संस्कृतीचे मूळ पश्चिमेस, अलास्काकडे असावे, असे त्यांनी अनुमान केले. स्थानिक लोक ती घरे तुनीतांची मानीत. म्हणून थूले लोक हेच तुनीत, असे माथियासेन यांना वाटले. परंतु १९२५ मध्ये डायमंड जेनेस यांनी केप डॉर्सेटकडील वस्तूंवरून एक निराळी, अधिक प्राचीन संस्कृती ओळखली. या डॉर्सेट वस्तूंतील भोके गिरमिटाने पाडलेली नसून कोरून काढलेली होती.

येथे भाषेची साक्ष उपयोगी पडते. रासमुस्सेन यांचा जन्म ग्रीनलंडमधला. तेथील बोली त्यांना बालपणापासून अवगत होती. कुत्र्यांच्या गाडीने हडसन उपसागरापासून अलास्कापर्यंत जाताना तिच्याच आधारे त्यांना ठिकठिकाणच्या इनुइटांशी संवाद साधता आला. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात भाषाभेद इतका अल्प असेल, तर तिचा प्रसार फार जुना नसावा. याउलट अलास्काच्या बाजूस युपिक भाषा आढळतात व भेद वाढतो. अर्थात उगम पश्चिमेस असावा. पूर्वेकडील हे स्थलांतर अलीकडील अनेक संशोधक तेराव्या शतकात ठेवतात.

२०१० मध्ये पश्चिम ग्रीनलंडमधील सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या केसांवरून एका मानवाचा जनुकसंच वाचण्यात आला. २०१४ च्या व्यापक अभ्यासाने डॉर्सेट व त्यांच्या पूर्वीचे लोक इनुइटांहून भिन्न वंशधारेचे होते, असे दाखविले. डॉर्सेट लोकांनाच तुनीत मानले, तर परंपरेचा गाभा खरा ठरतो : आधी दुसरे लोक होते. परंतु नौयानची घरे तुनीतांची नव्हती. ती सांगणाऱ्यांच्याच पूर्वजांची होती.

यावरून निघणारा बोध स्पष्ट आहे. परंपरेतील मूळ स्मृती आणि तिला जोडलेले स्थलनिर्देश यांची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. एक चुकले म्हणून दुसरे टाकून देऊ नये. डॉर्सेट लोकांच्या भाषेचा एकही शब्द निश्चितपणे आपल्या हाती आलेला नाही. 'तुनीत' हे नावदेखील त्यांचे नव्हे, त्यांच्यानंतर आलेल्यांनी दिलेले आहे. आणि परक्यांनी जपलेल्या या नावाखेरीज त्यांना हाक मारण्यास इतिहासाजवळ दुसरा जुना शब्द नाही.