छोटे इंजिन, खरी वाफ

पुण्याच्या मार्केट यार्डात गोणी उघडून पाहिल्याशिवाय कांद्याचा भाव कोणी बोलत नाही. खऱ्या वाफेवर धावणाऱ्या छोट्या रेल्वे-इंजिनाच्या खरेदीचेही तसेच आहे.

१८९९ साली इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टन येथे बॅसेट-लोक यांनी छोट्या इंजिनांचा धंदा सुरू केला. यादी पाहून मागवा, टपालाने माल घ्या! पण कोळशावरचे चिमुकले इंजिन माणसाला ओढील का? वाद माजला. १९२० नंतर 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाच्या कारागिराच्या 'आयेशा'ने अवघ्या अडीच इंच रुंदीच्या रुळांवर माणसे ओढून दाखविली.

आजही एकटेदुकटे कारागीर थोडीच इंजिने घडवितात. घेणाऱ्याने आधी बॉयलरची चाचणी विचारावी. त्यात थंड पाणी भरून नेहमीच्या दुप्पट दाब देतात. पाणी दबत नाही. म्हणून फट पडली तर ते नुसते गळते. कोंडलेली वाफ मात्र स्फोट करते. रंगाला भुलाल, तर जीवावर बेतेल.

गुरुजी, मुलांना पुण्यात आणाल तेव्हा कोथरूडचे भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय जरूर दाखवा. ते १९९८ पासून आहे. तिथल्या गाड्या विजेवर धावतात. मग वाफेची गोष्ट तुम्ही सांगा.