एकसष्टची निवड

१,७६,६३,१९,०४९ ही संख्या भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘बीजगणिता’तल्या एका प्रश्नाच्या उत्तरात येते: कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला, तर पुन्हा वर्गच येतो? गुणायच्या वर्गाचे मूळ २२,६१,५३,९८०, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ ही पहिली संख्या. याहून लहान धन पूर्णांक चालत नाही. शेजारच्या ६० ला मात्र ४ आणि ३१ वर भागते. म्हणजे ६१ सहज सुचलेला नाही, तो पारखून घेतलेला आहे. इतके मोठे उत्तर चाचपडत सापडले असेल, ही शंका पद्धत पाहिली की टिकत नाही. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त. चक्रवाल या फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे नेणाऱ्या रीतीच्या एकाच फेरीत ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१ म्हणजे ५ च्या वर्गाची ६१ पट, १५२५, उणे ४. पुढचे काम ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन उत्तरे जोडून नवे उत्तर काढण्याची रीत, करते, आणि ती ६२८ पासून हाताशी होती. चक्रवालही भास्कराचार्यांच्या आधीचे. १०७३ च्या एका टीकेत ते जयदेव या गणितज्ञाच्या नावावर आहे. हे चक्र नेहमी थांबतेच याची सिद्धता भास्कराचार्यांनी दिली नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण सिद्धता नसली म्हणून रीत अंदाजपंचे ठरत नाही. १६५७ मध्ये गणितज्ञ फर्माने फ्रान्समध्ये आव्हान म्हणून ६१ हाही आकडा पुढे केला. त्याने भास्कराचार्य वाचले होते असे मानायला आधार नाही, आणि त्याची गरजही नाही: शंभरच्या आत सर्वांत मोठे उत्तर ६१ चेच येते.