कानाने बघणारा प्राणी

रात्री जंगलात वटवाघळांची पाहणी करणाऱ्या मंडळींकडे दोन हत्यारं असतात. केसासारख्या बारीक दोऱ्याचं जाळं आणि अल्ट्रासाऊंड डिटेक्टर. मला भुरळ आहे ती या दुसऱ्या डब्याची. तो नव्हता म्हणून एक बरोबर उत्तर जवळजवळ १४० वर्षं धूळ खात पडलं होतं.

१७९३ साली इटलीत, पावियामध्ये, स्पालान्झानी नावाच्या पाद्री-शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की मेणबत्ती विझली की घुबड धडपडतं, वटवाघूळ मात्र मजेत उडत राहतं. मग त्याने वटवाघळांचे डोळे काढले. (हो, काढले. वाचताना पोटात गोळा येतो.) सोडून दिलेली त्यातली काही त्याने नंतर चर्चच्या घंटाघरात परत पकडली, तर पोटं किड्यांनी गच्च भरलेली! पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या झ्युरीनने त्यांचे कान बंद केले आणि ती धडकायला लागली. स्पालान्झानीलाही ते पटलं. पण जो आवाज कोणालाच ऐकू येत नाही, तो आहे असं म्हणायचं कसं? क्युव्हिएने 'हे स्पर्शज्ञान' असा निकाल दिला. एवढा मोठा माणूस बोलल्यावर विषय संपला. (डिझाईन रिव्ह्यूची आठवण झाली ना?)

१९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळं घेऊन प्रोफेसर पिअर्स यांच्या यंत्रापुढे गेला, आणि यंत्र बोललं! आपला कान साधारण २० किलोहर्ट्झला थांबतो. साधा डिटेक्टर आलेल्या आवाजात दुसरी फ्रिक्वेन्सी मिसळतो आणि फरक ऐकवतो. ४५ मधून ४३ गेले, उरले २. बस्स.

गंमत पुढे आहे. ब्रिटनमध्ये घराघरांत आढळणारं पिपिस्ट्रेल लोकांनी वर्षानुवर्षं हातात घेऊन पाहिलं, एकच जात समजून. १९९३ मध्ये जोन्स आणि व्हान पारीस यांनी दाखवलं, की काही ४५ किलोहर्ट्झच्या आसपास ओरडतात, काही ५५ च्या. पुढे डीएनएनेही सांगितलं, जाती दोन आहेत.

मग जाळं टाकून द्यायचं का? छे. मायोटिस गटातल्या कित्येक जातींचे आवाज इतके सारखे, की प्राणी हातात घेतल्याशिवाय खात्री होत नाही. शिवाय मादी गाभण आहे का, हे डब्याला काय कळणार? त्यामुळे अजूनही कोणीतरी रात्रभर जागतं, दर थोड्या वेळाने बॅटरी घेऊन जाळ्यापाशी जातं आणि अडकलेलं वटवाघूळ पंख न फाटू देता हळूहळू सोडवतं.