मोजून दिलेले दाणे

फराळाचे ताट पुढ्यात असताना कुणी सुखावर प्रवचन झोडू लागला, तर त्याचे ऐकणार कोण? तेव्हा, वाचकहो, प्रवचन बाजूला ठेवतो आणि एका माणसाची हकीकत सांगतो.

इंग्रजी कोशात 'एपिक्यूर' असा एक शब्द आहे. अर्थ दिलेला असतो : खाण्यापिण्यात चोखंदळ, खवय्या. ज्याच्या नावावरून हा शब्द आला, तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस मात्र बहुधा साध्या भाकरीवर आणि पाण्यावर राहत असे. कधी मेजवानी करावीशी वाटली, तर तो मित्राला पत्राने एवढेच कळवी, की चीजचे एक लहानसे मडके धाडून दे. नावाची इतकी उलटी ख्याती इतिहासात क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल.

इ. स. पू. 341 मध्ये सामोस बेटावर त्याचा जन्म झाला. बाप पंतोजी; अगदी तुटपुंज्या मोबदल्यात एपिक्यूरसही बापाच्या हाताखाली पोरांना अक्षरे शिकवीत असे. पुढे त्याच्या विरोधकांनी हीच गोष्ट त्याला हिणवण्यासाठी वापरली. मी स्वतः खडूवर पोट भरणारा माणूस. हा टोमणा वाचला आणि मला या गृहस्थाविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला.

तो काळ मोठा अस्थिर होता. इ. स. पू. 323 मध्ये अलेक्झांडर वारला आणि त्याचे सेनापती राज्यासाठी आपसांत झुंजू लागले. सामोसवरच्या अथेन्सकरांना बेट सोडावे लागले. त्यांत एपिक्यूरसचे कुटुंबही होते. अशा दिवसांत सुख दैवावर टाकून कसे चालेल? जे कुणी हिरावून नेऊ शकणार नाही, असे सुख असते काय? या एका प्रश्नाच्या मागे तो आयुष्यभर लागला. इ. स. पू. 306 च्या सुमारास तो अथेन्सला आला आणि 80 मिना देऊन त्याने एक बाग विकत घेतली. तीच त्याची शाळा. तिथे बायका शिकत, गुलामही शिकत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

बागेतल्या सवयी अगदी घरगुती होत्या. दारात आलेल्या पाहुण्यापुढे जवाच्या पिठाची पेज आणि पाणी ठेवावे. काही दिवस मुद्दाम अपुरे जेवावे आणि त्याने आनंद कितीसा उणावतो, ते तपासून पाहावे. एपिक्यूरस मोठ्या अभिमानाने लिहितो, की आपले जेवण एका ओबोलहूनही कमी खर्चात भागते; मित्र मेट्रोडोरस तितका पुढे गेलेला नाही, त्याला अख्खा ओबोल लागतो! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्या आपल्याला हा उपवास जरा कडकच वाटेल. पण त्यात व्रताचे पुण्य नव्हते, हिशेब होता. भूक, तहान, थंडी यांचे निवारण थोडक्यात होते. लौकिक आणि सत्ता यांची हाव मात्र भरूनच येत नाही. म्हणून कोणतीही इच्छा झाली, की ती पुरी झाल्यास काय होईल आणि न झाल्यास काय होईल, हे आधी स्वतःला विचारावे.

दुसरी सवय मित्रांची. काय जेवायचे, याआधी कुणासंगे जेवायचे ते बघावे, असे तो सांगे. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी बागेतली मंडळी एकत्र जमत. आपल्यामागेही हा दिवस पाळला जावा, अशी तरतूद त्याने मृत्युपत्रात केली. तिसरी सवय आठवणीची. जे चांगले घडून गेले, ते कृतज्ञतेने पुनःपुन्हा स्मरावे. कारण घडून गेलेले सुख काळालाही परत घेता येत नाही.

असे असून बदनामी झाली ती कशी? शाळा सोडून गेलेल्या एका शिष्याने उठवले, की गुरुजी इतके खातात, की दिवसातून दोनदा ओकतात. एका विरोधकाने त्याच्या नावावर 50 अश्लील पत्रे खपवली. त्याचे स्वतःचे ग्रंथ बहुतेक नष्ट झाले. आपल्याकडे चार्वाकाची अशीच गत झाली नाही काय? त्याचे म्हणणे आपल्याला कळते ते मुख्यतः प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून. आणि लोकांच्या ध्यानात राहिले ते फक्त कर्ज आणि तूप. एपिक्यूरसचे दैव थोडे बरे म्हणायचे. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने हर्क्युलेनियम शहर गाडले, त्यात त्याच्या पंथाच्या ग्रंथांचे एक भांडार कोळसा होऊन पडले. त्यातल्या एका गुंडाळीचा काही भाग यंत्रांच्या साहाय्याने, ती न उलगडता वाचता आल्याचे 2024 साली जाहीर झाले. विषय कोणता असावा? एखादी वस्तू दुर्मिळ असली, की तिच्यापासून अधिक आनंद होतो काय, हा!

या सवयींची खरी परीक्षा इ. स. पू. 295 च्या सुमारास झाली. डिमिट्रियस राजाने अथेन्सला वेढा घातला आणि शहर उपाशी पडले. प्लूटार्कने त्या दिवसांची एक गोष्ट नोंदली आहे : एका खोलीत बापलेक हताश होऊन बसले होते, आढ्यावरून मेलेला उंदीर पडला आणि दोघे त्यासाठी एकमेकांवर तुटून पडले. लगेच पुढे तो सांगतो, की याच वेळी एपिक्यूरस कडधान्याचे दाणे मोजून सोबत्यांना वाटून देत होता आणि त्यांना जगवीत होता. थोडक्यात भागवायची सवय ज्यांनी भरल्या दिवसांत लावून घेतली होती, त्यांच्यातच मोजलेले दाणे वाटता आले. मला हा सारा इतिहास सांगावासा वाटला तो या दोन चित्रांसाठी.

तथापि मला एक गोष्ट खुपते. जगाच्या धकाधकीपासून दूर, कुणाच्या नजरेत न येता जगा, असा त्याचा उपदेश होता. कुंपणाबाहेर अन्याय चालू असताना आत सुखाने बसणे, हे सुख की पळवाट? बागेत शिकणारा त्याचा गुलाम मिस याला स्वातंत्र्य मिळाले, तेही मालकाच्या मृत्युपत्राने. हा डाग पुसता येत नाही.

इ. स. पू. 270 मध्ये, वयाच्या 72 व्या वर्षी, मूतखड्याच्या असह्य वेदनांत तो वारला. अखेरच्या पत्रात त्याने मित्राला कळवले, की या यातनांच्या समोर मी आपल्या जुन्या संभाषणांचा आनंद मांडून ठेवला आहे. आणि दिवंगत मेट्रोडोरसच्या मुलांना सांभाळ.

कुंपण ओलांडले ते त्याच्या एका दूरच्या अनुयायाने. इ. स. च्या दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील ओइनोआंडा गावच्या डायोजिनीस नावाच्या वृद्ध गृहस्थाने ही सारी शिकवण भर गावात एका लांबलचक दगडी भिंतीवर कोरवून घेतली. येणाऱ्या पिढ्यांना आणि परक्या वाटसरूंनाही ती वाचता यावी, हा त्याचा हेतू. भिंत कोसळली; पण 1884 पासून तिचे शेकडो तुकडे सापडले आहेत.

वाचकहो, उद्यापासून पेज प्या, असे मी म्हणत नाही; करंज्या खुशाल खा. फक्त ताटे उचलण्याआधी घरातल्या प्रत्येकाने, आजीपासून धाकट्या नातवापर्यंत, सरत्या वर्षातली एक चांगली आठवण सांगावी. खर्च काही नाही. आणि ही पुंजी पडत्या दिवशी कामास येते.